कुर्बान मास्टरनं राखलेली धून

कुर्बान मास्टर माफ करणाऱ्यातला माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण तो गेल्यापासून अकोटात जो तो त्याला संत करायला निघालाय. परवा शोकसभेत एकजण म्हणाला, मास्टरच्या मनात कुणाबद्दल कडवटपणा म्हणून नव्हता. मी हातातला चहा तसाच ठेवला आणि उठून घरी आलो. मी देवराव. बत्तीस वर्षं त्याच्या बँडमध्ये ढोल वाजवला. त्याच्या मनात कडवटपणा किती होता, कुणासाठी होता आणि त्यानं तो किती वर्षं जपला, हे माझ्याइतकं त्याच्या बायकोला, हलीमाबीलाही ठाऊक नसेल.

मास्टर जातीनं पिंजारी. पावसाळ्यात लग्नं नसली की घरोघरी जाऊन कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. दिवसभर नाकातोंडात कापूस जायचा आणि संध्याकाळी हाच माणूस क्लॅरनेट तोंडाला लावायचा, तेव्हा एका दमात एवढी लांब तान घ्यायचा की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. अंगापिंडानं किरकोळ. बँडचा लाल कोट स्वतः इस्त्री करणार, दुसऱ्याला हात लावू देणार नाही. उजव्या हाताच्या बोटात चांदीची, अकीकच्या खड्याची जाड अंगठी, हलीमाबीच्या माहेरची. बोटं चालायला लागली की ती अंगठी क्लॅरनेटच्या भोकांवरच्या धातूच्या चावीवर आपटायची. टक, टक. लग्नाच्या गलक्यात कुणाला ऐकू येत नसे. मला यायची, कारण मी त्याच्या शेजारी उभा असायचो आणि कधीकधी ढोलाची लय त्या टकटकीवरूनच धरायचो.

आमच्या बँडवाल्यांत एक रीत होती. आता बँडच उरले नाहीत, तर रीत कुठली. मास्टर माणूस एक धून राखून ठेवायचा. स्वतः बसवलेली, कुणाच्याही लग्नात न वाजवलेली, फक्त आपल्या पोरीच्या पाठवणीसाठी. आणि त्या दिवशी ती बापानं वाजवायची नाही. बापाचे हात पोरीच्या डोक्यावर हवेत, वाद्यावर नाही. म्हणून ती धून शागिर्दाला शिकवायची. पोरगी निघाली की शागिर्द वाजवतो, बाप रडतो, असं ते असायचं.

मास्टरला दोन पोरी. थोरली नगमा, धाकटी अमरीन. नगमासाठी त्यानं दहा वर्षं एक धून घोळवली होती. गाद्या भरताना गुणगुणायचा, आम्ही जवळ गेलो की गप्प व्हायचा. शेवटी शिकवायला निवडला गजेंद्र.

गजेंद्र अकोटचाच, एका शिंप्याचा मुलगा. सतरा वर्षांचा असताना बँडमध्ये खुळखुळा हलवायला आला. माझा त्याच्यावर राग आहे, मरेपर्यंत राहील, पण खोटं बोलणार नाही. त्याला कान होता. एकदा ऐकलेलं त्याच्यातून जात नसे. मास्टरनं त्याला क्लॅरनेट शिकवली, हलीमाबीनं जेवू घातलं, दोन्ही पोरी त्याला भाई म्हणायच्या. पुढं त्यानं क्लॅरनेट सोडून की-बोर्ड घेतला, लग्न केलं, पोरगी झाली, तरी येत राहिला. नगमाचं लग्न ठरायच्या आधीच्या वर्षी, दोन हजार चारला, मास्टरनं त्याला ती धून द्यायला घेतली. पाठ करायला सोपं जाईल म्हणून गजेंद्र टेपरेकॉर्डर घेऊन आला. मास्टरनं त्याच्यासमोर ती सलग तीनदा वाजवली. मी त्या खोलीत होतो. बंद कर म्हणायचं माझ्याही डोक्यात आलं नाही.

महिन्याभरात गजेंद्र अमरावतीला राहायला गेला आणि तिथं त्यानं ऑर्केस्ट्रा काढला.

ती वर्षंच तशी होती. कापूस पिकत होता आणि गावं ओस पडत होती. ज्या गावात उन्हाळ्यात आम्हाला आठ-आठ वराती असायच्या, तिथं दोन उरल्या. एका घरी कर्जापायी गेलेल्या शेतकऱ्याचा दुखवटा, शेजारचे म्हणायचे वाजंत्री नको. दुसऱ्यानं साखरपुड्यातच लग्न उरकलेलं. एकवीस माणसांचा आमचा बँड नऊवर आला. उरलेलं काम डीजेवाल्यांनी नेलं. एक गाडी, चार खोकी, एक माणूस. त्याला जेवायला एकच ताट लागतं.

नगमाचं लग्न दोन हजार पाचच्या मे महिन्यात झालं. नवरदेव उसामा मोर्शीचा, संत्र्याच्या धंद्यातला, भला मुलगा. गजेंद्रनं येतो येतो म्हणून आदल्या दिवशी निरोप धाडला की प्रोग्राम लागलाय, जमत नाही. रुखसतीची वेळ झाली. नगमा निघाली. मास्टरनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वरातीसोबत आलेल्या डीजेवाल्यानं बटण दाबलं.

तीच धून. क्लॅरनेटची. आणि तिच्यात, चार खोक्यांमधून सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशी, टक, टक.

मास्टर स्पीकरकडं बघत राहिला. नगमा त्याच्या गळ्यात पडून कानात काहीतरी बोलली. तो स्पीकरकडंच बघत होता. गाडी गेली. तेव्हा त्यानं हलीमाबीला विचारलं, “काय म्हणली नगमा?” तिला कुठलं ऐकू आलंय. लोक डीजेवाल्याची पाठ थोपटत होते. तो भाबडेपणानं सांगत होता की ही सीडी अमरावतीच्या गजेंद्रभाऊची, या सीझनला सगळीकडं हीच चालून राहिली. म्हणजे नगमाच्या आधी ती किती पोरींच्या मागं वाजून झाली होती, देव जाणे.

मी म्हणालो अमरावतीला जाऊ, चारचौघांत त्याची गचांडी धरू. मास्टरनं कोट काढला, घडी घातली आणि म्हणाला, “घाई नोको करू देवराव.” आणि मग त्यानं दोन वर्षं तोंडातून गजेंद्रचं नाव काढलं नाही. मला वाटलं विसरला. मला त्या वेळी माणूस कळत नव्हता.

आता सूर्यभानच्या बारबद्दल सांगायला हवं. अकोल्यात स्टँडपासून थोडं आत सूर्यभानचा बार होता. सूर्यभान स्वतः एके काळी बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा. गुरुवारी त्याचा बार रिकामा पडायचा, कारण अर्धा वऱ्हाड त्या दिवशी शेगावच्या महाराजांच्या नावानं ग्लासाला हात लावत नाही. मग गुरुवारी संध्याकाळी मागचा हॉल त्यानं आम्हा बिनकामाच्या वाजंत्र्यांना देऊन टाकला. सहा वाजता सुरू. बेंजोवाले यायचे, भजनी मंडळातले ढोलकीवाले यायचे, बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातली शालू यायची, जिचा आवाज माईकशिवाय रस्त्यापलीकडं जायचा. कव्वालीवाला तौहीद हार्मोनियम घेऊन यायचा. कुणीही यावं, कुणाहीसोबत वाजवावं. शालूनं लावणी धरली की तौहीद तिच्यात कव्वालीची तान घुसवायचा, ती त्याला शिवी देऊन तीच तान उलटी गळ्यातून काढायची, मी ढोलावर दोघांना पळवायचो, आणि वेटर ट्रे वाजवायला लागायचे. कामाविना आलेली मरगळ दोन तास कुठं जायची कळत नसे. पिणारे थोडे, शेंगदाणे खाणारे फार. मास्टर लिंबू-सोडा प्यायचा आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत क्लॅरनेटचा काळा डबा मांडीवर घेऊन बसायचा.

तिथला नियम एकच. सूर्यभान बारी लावायचा. आपली बारी आली की वाजवायचं, नाहीतर दुसऱ्याला द्यायची. आणि दिलेली बारी नाकारायची नाही. ती मान देण्याची गोष्ट होती. नाकारली तर त्या माणसानं पुन्हा हॉलमध्ये पाय ठेवायचा नाही.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत एका गुरुवारी गजेंद्र आला. अंगावर सफारी, हातात गाडीची किल्ली. वाकून मास्टरच्या पाया पडला, आणि मास्टरनं पडू दिलं. काम असं होतं. भातकुलीकडं सामुदायिक लग्नाचा मोठा सोहळा ठरला होता, एकशे एक जोडपी. समितीचे अध्यक्ष जानराव म्हणून होते. त्यांची अट होती की डीजे नको, वाजवणारी माणसं पाहिजेत. आमच्या भागातले वाजंत्री उपाशी आहेत, त्यांच्या पोटाला काही मिळावं. गजेंद्रनं ते काम मिळवायचं ठरवलं होतं. त्याच्याकडं माणसं नव्हती, सीडी होत्या. म्हणून आम्ही मंचावर उभं राहायचं. ढोलावर हात फिरवायचा, जोरात मारायचं नाही. की-बोर्डवर तो बोटं फिरवणार, आवाज टेबलाखालच्या प्लेअरमधून येणार.

आणि मास्टरला तो म्हणाला, “मास्टर, तुमी फक्त क्लॅरनेट तोंडाले लावून उभे राहा. फुकायची गरज नाही. या वयात कायले दम लावता?”

माझा हात ढोलाच्या काठीवर गेला होता. मास्टरनं माझ्याकडं बघितलंच नाही. शांतपणे म्हणाला की ठीक आहे, उभा राहतो, फक्त जानरावभाऊंना पुढच्या गुरुवारी इथंच घेऊन ये, तुझं वाजवणं त्यांनी आधी ऐकलेलं बरं. गजेंद्र खूश होऊन गेला. मास्टर उठला, गल्ल्यामागं गेला, चष्मा लावला आणि भिंतीवर चिकटवलेलं पेपरातलं कात्रण वाचत उभा राहिला. मी मनात त्याला इतकी नावं ठेवली की बस्स. परतीच्या एसटीत त्याच्याशेजारी बसलोही नाही.

पुढच्या गुरुवारी गजेंद्र जानरावांना घेऊन आला. जानराव धोतरवाले, सरळ माणूस, शेंगदाणे खात मन लावून ऐकत होते. गजेंद्रनं की-बोर्ड मांडला, वायरी जोडल्या, टेबलावरून खालपर्यंत झालर सोडली. तौहीदची बारी झाली. शालूची झाली. ती त्या दिवशी अशी काही गायली की जानरावांनी शेंगदाणे खाली ठेवले. मग सूर्यभाननं मास्टरचं नाव घेतलं. मास्टरनं डबा उघडला, क्लॅरनेटचे तुकडे जोडले, फुंकायची वेताची पत्ती ओली केली, सगळं सावकाश. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. सात वाजून सव्वीस मिनिटं.

“माही बारी गजेंद्रले,” तो म्हणाला. “बिदाईची धून ऐकव जानरावभाऊले. लग्नात तेच तर पायजे.”

गजेंद्रनं हसत मान तुकवली. नाकारता येत नव्हतं आणि नाकारायचं कारणही त्याला दिसत नव्हतं. त्यानं पायानं खाली काहीतरी दाबलं आणि बोटं फिरवायला लागला. क्लॅरनेटचा सूर हॉलभर पसरला. जानरावांचे डोळे मिटले. मी मास्टरचं तीन वर्षांपूर्वीचं वाजवणं ऐकत होतो, आणि ते वाजवणारा माणूस माझ्यासमोर क्लॅरनेट मांडीवर घेऊन गप्प बसला होता.

साडेसातला लाईट गेली.

त्या काळी वऱ्हाडात लाईट कधी जाते हे लहान पोराला पाठ असायचं, नाहीतर पीठ गिरणीत अडकायचं. बारच्या भागाचं भारनियमनाचं वेळापत्रक त्या आठवड्यापासून बदललं होतं. गल्ल्यामागचं कात्रण त्याचंच. पण गजेंद्र गेली दोन वर्षं जनरेटरवर वाजवत होता. त्याला लाईट जाण्याची आठवणच राहिली नव्हती. सूर्यभानच्या इन्व्हर्टरवर दोन ट्यूबलाईट लागल्या. बोर्डावरच्या प्लगांना त्यातून काही मिळत नसे. धून अर्ध्यात तुटली. आणि त्या दोन ट्यूबलाईटच्या उजेडात सगळ्यांनी बघितलं, गजेंद्रची बोटं अजून चालत होती. दोन-तीन क्षणच, पण चालत होती, आवाजाशिवाय.

मास्टरनं क्लॅरनेट तोंडाला लावली. धून जिथं तुटली होती, त्याच सुरावरून उचलली. तोच दम, तीच मुरकी, आणि शांत हॉलमध्ये स्वच्छ ऐकू येणारी ती अंगठी. टक, टक. मी ढोल धरला नाही. कुणीच काही धरलं नाही. शालूनं तोंडाला पदर लावला. मास्टरनं ती शेवटपर्यंत वाजवली आणि मग क्लॅरनेट मांडीवर ठेवली.

जानराव गोंधळून एकदा की-बोर्डकडं, एकदा कोपऱ्याकडं बघत होते. “मंग आतापर्यंत कोण वाजवून राह्यलं होतं?”

“मीच,” मास्टर म्हणाला.

मी पुढं झालो आणि झालर वर केली. एवढं तरी मला करू द्या.

जानरावांनी ते काम तिथल्या तिथं आम्हाला दिलं. त्या सोहळ्याला आम्ही चौदाजण वाजवायला होतो, आणि अमरावती-अकोल्यात महिनाभर दुसरा विषय नव्हता. गजेंद्रच्या सीडीवर ती टकटक ऐकली की लोक हसायला लागले. डीजेवाल्यांनी ती धून वाजवणं बंद केलं. माझ्या लेखी हिशेब पुरा झाला होता. मास्टरच्या लेखी नव्हता.

त्या संध्याकाळी गजेंद्र वायरी गुंडाळत होता, मान खाली. मास्टर त्याच्याजवळ गेला. मला वाटलं आता तोंडात मारतो. त्यानं विचारलं, “तुही पोरगी केवढी झाली?”

“आकांक्षा? बारा वर्षांची.”

“तिच्या बिदाईले मी येईन. पत्रिका नाही धाडली तरी येईन. क्लॅरनेट घेऊन येईन.”

एवढंच. आवाजही चढवला नाही. गजेंद्रच्या हातातली वायर सुटली ती त्यानं उचलली नाही.

पुढची अकरा वर्षं मास्टर गुरुवारी अकोल्याला जायचा ते गाण्याबजावण्यासाठी कमी आणि अमरावतीहून येणाऱ्यांना विचारण्यासाठी जास्त. आकांक्षा दहावी झाली. आकांक्षाला बँकेत नोकरी लागली. मला सगळं कळायचं. सूर्यभानचा बार बंद पडला, बँड मोडला, अमरीन नांदायला गेली. तिच्या रुखसतीला मास्टरनं काहीच वाजवू दिलं नाही. मग त्याचे पुढचे दात पडले. दाताशिवाय क्लॅरनेट धरता येत नाही, हे वाजवणाऱ्याला सांगायला नको. त्यानं ती पुसून डब्यात ठेवली आणि परत तोंडाला लावली नाही. मला वाटलं, चला, आता तरी संपलं.

दोन हजार अठराच्या मे महिन्यात पहाटे माझं दार वाजलं. मास्टर लाल कोट घालून उभा. बगलेत काळा डबा. “आज हाय,” तो म्हणाला.

मी म्हणालो, मास्टर, तोंडात दात नाहीत, काय वाजवणार? तो म्हणाला, ते त्याले काय माहीत.

आम्ही अंजनगावमार्गे एसटीनं अमरावतीला गेलो. मोठा हॉल, थंड हवा, फुलं. वाजंत्री औषधालाही नव्हती, साधी सनईची कॅसेटसुद्धा नाही. गजेंद्रनं आपल्या पोरीच्या लग्नात सूर म्हणून ठेवला नव्हता. मास्टर दाराजवळच्या खुर्चीत बसला, जिथून नवरी बाहेर जाणार. गजेंद्रनं त्याला बघितलं आणि त्याचा रंगच उतरला. पाहुण्यांसमोर मास्टरला बाहेर काढायची हिंमत त्याला झाली नाही. एकदा येऊन जेवायचा आग्रह केला. मास्टर जेवला, हात धुतले आणि परत त्याच खुर्चीत.

पाठवणी निघाली. आकांक्षा रडत आली, बापाच्या गळ्यात पडली. मास्टरनं दोन्ही हात डब्याच्या झाकणावर ठेवले. उघडला नाही. फक्त अंगठीचं बोट हललं. टक, टक. त्या धुनेच्या लयीत, बेतानं, आठ-दहा वेळा. हॉलमध्ये ते आम्हा तिघांशिवाय कुणाला कळलं नसेल.

पोरगी बापाच्या कानाशी काहीतरी सांगत होती. गजेंद्र हो हो करत होता आणि त्याचे डोळे डब्यावर होते. आता उघडेल, आता काढेल. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडं वळवला, तरी त्याची नजर वळली नाही. मग तिला गाडीत बसवलं. गाडी गेली. मी त्याला बायकोकडं वळून विचारताना ऐकलं, “काय म्हणली ती?”

मास्टर उठला. डबा बगलेत घेतला आणि गजेंद्रकडं न बघता बाहेर पडला.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. स्टँडपर्यंत मी जवळजवळ नाचत गेलो. मग गाडीत बसल्यावर त्या पोरीचा चेहरा डोळ्यांसमोर आला, बापाची मान वळवणारे तिचे मेंदीचे हात दिसले, आणि मी म्हणून गेलो, मास्टर, त्या लेकरानं आपलं काय घोडं मारलं होतं?

मास्टर खिडकीबाहेर बघत होता.

“नगमानं कोणाचं मारलं होतं?” तो म्हणाला.

अंजनगाव येईपर्यंत तो डब्यावर डोकं ठेवून झोपी गेला होता, आणि बत्तीस वर्षांत मी त्याला एसटीत झोपलेला पहिल्यांदाच पाहत होतो.